पायी वाचलेलं लिस्बन

लिस्बनमधली चांगली गाईड ओळखायची एक सोपी खूण आहे. ती आधी तुम्हाला रिकामी जागा दाखवते.

तेजो नदीच्या काठी तेरेइरो दो पासो नावाचा ऐसपैस चौक आहे. तीन बाजूंना पिवळ्या इमारती आणि त्यांच्या पायथ्याशी कमानींच्या रांगा. चौथी बाजू थेट नदीवर उघडते. मधोमध घोड्यावर बसलेला राजा जुझे पहिला. माशादो द कास्त्रो या शिल्पकाराचं हे 1775 मधलं काम. चौथऱ्याच्या एका अंगाला हत्ती आहे, तो आपल्याकडच्या माणसाच्या नजरेत लगेच भरतो. येणारा-जाणारा पुतळ्याचे फोटो काढत असतो. आमच्या गाईड बाईंनी पुतळ्याकडे पाठ फिरवली, पश्चिमेकडच्या कमानींकडे हात केला आणि सांगितलं, की इथे राजवाडा होता. कमानींखाली कुणीतरी कॉफीच्या टेबलांभोवती खुर्च्या मांडत होतं. राजवाड्याचा एक दगडही दिसत नव्हता.

हा राजवाडा मनुएल राजाने 16 व्या शतकाच्या आरंभी बांधला, तोही हिंदुस्थानातून परतणारी गलबतं खिडकीतून दिसावीत इतका नदीला लगटून. मिरी, दालचिनी, लवंगा यांचा हिशेब ठेवणारी 'कासा दा इंडिया' ही कचेरी याच आवारात. 1515 च्या जूनमध्ये राजाने इथे हत्ती आणि गेंड्याची झुंज लावली. गेंडा गुजरातच्या सुलतानाने गोवा जिंकणाऱ्या अल्बुकर्कला भेट दिलेला आणि अल्बुकर्कने पुढे राजाला धाडलेला. हत्ती घाबरून पळाला, असं नोंदलेलं आहे. या गेंड्याचं नुसतं वर्णन आणि एक कच्चं रेखाटन हाती घेऊन, जनावर न पाहताच, जर्मन चित्रकार ड्यूररने न्यूरेंबर्गमध्ये जे चित्र लाकडावर उतरवलं ते आजही जगभर छापलं जातं.

मग बाई 1 नोव्हेंबर 1755 या तारखेवर आल्या. सर्व संतांचा सण, सकाळी साडेनऊनंतरची वेळ, चर्चं भरलेली, वेदींवर मेणबत्त्या. धरणीकंप झाला. जे वाचले ते नदीकाठच्या मोकळ्या जागेकडे, म्हणजे आम्ही उभे होतो तिकडे धावले, आणि काही वेळाने समुद्राची लाट नदीतून वर चढून आली. मेणबत्त्यांनी आणि चुलींनी लावलेली आग पाच-सहा दिवस धुमसत राहिली. राजवाडा गेला, राजग्रंथालय गेलं, भारत-व्यापाराची दफ्तरं गेली. शेजारचं नवंकोरं ऑपेरागृह उघडून जेमतेम सात महिने झाले होते, तेही गेलं. जुझे राजा त्या सकाळी शहराबाहेर बेलेमला होता म्हणून वाचला. पुढे दगडी छपराखाली झोपायची त्याची छाती झाली नाही, आणि आजूदाच्या टेकडीवर लाकडी महालात त्याने उरलेले दिवस काढले.

बाईंच्या पिशवीतून प्लास्टिकच्या फाईलचं टोक डोकावत होतं. जुन्या राजवाड्याचं चित्र तिच्यात नक्की असणार. त्यांनी ते काढलं नाही. चित्र दाखवलं असतं तर आम्ही ते बघितलं असतं, मान डोलावली असती आणि पुढे निघालो असतो. ते न दाखवल्यामुळे राजवाडा आम्हाला स्वतःच उभा करावा लागला. पुढची सगळी सकाळ डोळ्यांना हीच सवय लागली.

अशा फेरफटक्याला कुणी कलाकृती म्हणत नाही. हॉटेलच्या काउंटरवर तो बसफेरी आणि नौकाविहार यांच्या रांगेत विकला जातो. पण ज्याने देवळात कीर्तन ऐकलं आहे त्याला याची घडण ओळखीची वाटेल. सगळा भार एकट्या उभ्या माणसावर. पूर्वरंगात सिद्धांत मांडायचा, उत्तररंगात आख्यान लावायचं, आणि समोर कोण बसलंय ते पाहून दृष्टांत बदलायचे. इथे पूर्वरंग म्हणजे बाइशा, ही नदीकाठची सपाट पेठ; आख्यान म्हणजे आल्फामाची टेकडी. क्रम उलटा केला तर सगळंच विसकटतं. आल्फामा आधी पाहिली तर ती रंगीत गल्ल्यांची गंमत होऊन बसते, आणि तिच्यानंतर बाइशात पाऊल टाकलं की जांभई येते.

बाइशा तशी जांभई आणणारीच दिसते. सरळ रस्ते, काटकोनात छेदणाऱ्या गल्ल्या, एकाच उंचीच्या इमारती, एकाच मापाच्या खिडक्या. चर्चसुद्धा बहुतेक ठिकाणी घरांच्या ओळीत शहाण्यासारखं उभं. मनोरा उंचावून मिरवणारं क्वचित. युरोपातल्या जुन्या शहराच्या कल्पना घेऊन आलेल्याला ही वस्ती फसवणूक वाटते. बाईंनी नेमका हाच तोचतोचपणा वाचून दाखवला. भूकंपानंतर सत्ता हाती घेतलेला मंत्री सेबास्तियाव जुझे द कार्व्हाल्यो, जो पुढे मार्केस द पोंबाल म्हणून ओळखला गेला, आणि त्याचे लष्करी इंजिनिअर मानुएल दा माइया, एउजेनियो दोस सांतोस, कार्लोस मार्देल यांनी जुन्या गल्ल्या पुसून नवा आराखडा आखला. प्रत्येक भिंतीच्या आत लाकडाचा पिंजरा: उभ्या, आडव्या आणि तिरक्या दांड्या एकमेकींत गुंतवून वर दगडमातीचा भराव. जमीन हलली तर भराव गळून पडेल, पण पिंजरा लवचीकपणे हलून उभा राहील, हा हिशेब. नमुन्याचा पिंजरा उघड्यावर उभा करून त्याच्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालवून पाहिलं, असं सांगतात. घराघरांमध्ये छपराच्या वर डोकावणाऱ्या जाड भिंती आहेत, त्या आग शेजारी जाऊ नये म्हणून. खिडक्या, दारं, चौकटी ठरावीक मापांत बनवून आणायच्या आणि जागेवर बसवायच्या. घाई होती, पैसा कमी होता, माणसं उघड्यावर होती. त्या घाईतून ही शिस्त आली आणि मग तिलाच लोक सौंदर्य म्हणायला लागले. हे ऐकल्यावर पुन्हा वर पाहिलं तेव्हा त्या एकसारख्या खिडक्यांबद्दल मला आदर वाटला, कंटाळा तरीही पूर्ण गेला नाही. दोन्ही एकदम वाटू शकतं.

या पेठेखाली आणखी एक पान आहे. रुआ दोस कोरेइरोस या रस्त्यावर एका बँकेच्या इमारतीचं काम 1990 नंतरच्या काही वर्षांत निघालं, तेव्हा खाली रोमन काळातल्या मासे खारवायच्या टाक्या सापडल्या. आज तिथे उतरता येतं. टाक्यांच्या शेजारीच पोंबालच्या इंजिनिअरांनी नदीच्या गाळात ठोकलेले पाइनच्या लाकडाचे खांब दिसतात. अख्खी पेठ या खांबांवर उभी आहे, आणि लाकूड टिकतं ते भूजलात बुडालेलं असतं म्हणून. मासे खारवणाऱ्या रोमन माणसाला आपल्या टाकीवर पुढे सराफांची आळी वसेल हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. वरच्या रस्त्यांना धंद्यांची नावं दिली गेली: सोन्याचा रस्ता, चांदीचा रस्ता, चांभारांचा, खोगीर शिवणाऱ्यांचा, मुलामा देणाऱ्यांचा. पुण्याच्या पेठांमधून तांबट आळी, बुरूड आळी ऐकत वाढलेल्याला यात नवल नाही. फरक इतकाच, की आपल्याकडच्या आळ्या धंदा आधी आणि नाव मागून अशा झाल्या; इथे नाव सरकारने ठरवलं आणि धंद्याला त्यात येऊन बसायला सांगितलं.

मुलामा देणाऱ्यांच्या रस्त्यावर, म्हणजे रुआ दोस दोरादोरेसवर, लेखक फर्नांदो पेसोआचा काल्पनिक कारकून बेर्नार्दो सोआरेस नोकरी करतो. पेसोआ 1935 मध्ये गेला. त्याच्या कागदांत लिस्बनचं एक प्रवासी मार्गदर्शकही सापडलं, 1925 च्या सुमारास इंग्रजीत लिहिलेलं. ते छापून आलं 1992 मध्ये. गंमत अशी की आयुष्यभर याच रस्त्यांवरून पायपीट केलेल्या या माणसाने परक्या पाहुण्याला मात्र मोटारीत बसवून शहर दाखवलं आहे. ते मार्गदर्शक चवीला सपक आहे. इमारतींची नावं, तारखा, विशेषणं. मोटारीतून दिसणारं शहर बहुधा तेवढंच असतं.

पोंबालबद्दल मात्र बाई हातचं राखून बोलल्या नाहीत, आणि इथे मला त्यांचा पूर्वरंग थोडा एकांगी वाटला. भूकंपानंतर प्रत्येक परगण्याच्या धर्मगुरूला प्रश्नावली पाठवली गेली: हादरे किती वेळ टिकले, नंतर किती आले, समुद्र आधी चढला की उतरला, विहिरींचं काय झालं. भूकंपशास्त्राच्या इतिहासात त्या उत्तरांना आजही मोल आहे. हे सगळं खरं. पण 1759 च्या जानेवारीत राजहत्येच्या कटाच्या आरोपावरून तावोरा घराण्यातल्या माणसांना ज्या क्रौर्याने मारलं गेलं, तेही याच माणसाच्या कारकिर्दीत. त्याच वर्षी जेझुइटांना देशाबाहेर घालवलं, आणि गोव्यातल्या त्यांच्या मठांवरही टाच आली. मी हे काढल्यावर बाई हसल्या. म्हणाल्या, त्याचा पुतळा शहरातल्या सर्वांत मोठ्या वाहतूक चौकात उंच खांबावर बसवलाय, तिथून त्याला कुणी खाली बोलावत नाही.

रोसियो चौकात काळ्यापांढऱ्या दगडांच्या लाटा आहेत, 1848-49 मध्ये बसवलेल्या. फोटो सुरेख येतात आणि पाऊस पडला की पाय घसरतो. त्याबद्दल एवढं पुरे. खरा थांबा बाजूला आहे: साव दोमिंगोसचं चर्च. दारातच बाईंनी सांगितलं, की आत मी बोलणार नाही.

आत शिरल्यावर कारण समजतं. 1959 च्या आगीत हे चर्च जळालं. 1994 मध्ये ते पुन्हा उघडलं तेव्हा दुरुस्ती करणाऱ्यांनी जखमा झाकल्या नाहीत. खांबांचे दगड तडकून, सोलून निघालेले. त्यांच्यामधून लालसर गिलाव्याच्या भिंती. प्रार्थनेला आलेल्या दोन म्हाताऱ्या बायका, आणि जळक्या दगडाचा तो खडबडीतपणा. बाहेर आल्यावर बाईंनी 1506 चा एप्रिल सांगितला. दुष्काळ आणि प्लेगने शहर त्रासलेलं. या चर्चमध्ये क्रूसावर उजेड दिसला म्हणून चमत्काराची हाकाटी झाली, कुणा 'नव्या ख्रिश्चना'ने, म्हणजे सक्तीने बाटवलेल्या ज्यू माणसाने, शंका घेतली, आणि तिथून तीन दिवस कत्तल चालली. मेलेल्यांचा अंदाज दोन हजारांपासून पुढे जातो. चौकात 2008 मध्ये बसवलेला स्मृतिदगड आहे. त्याच्या अवतीभवती पश्चिम आफ्रिकेतून आलेली मंडळी रोज गप्पा मारत उभी असतात, पलीकडे 1840 पासून चालू असलेल्या इवल्याशा दुकानात लोक चेरीची दारू घोटाघोटाने पितात. या चौकाने आपलं दुःख बंदिस्त करून ठेवलेलं नाही, आणि मला ते बरं वाटलं.

रोसियोच्या उत्तर टोकाला आज राष्ट्रीय नाट्यगृह आहे. त्या जागी इन्क्विझिशनचा वाडा होता. पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन 1536 मध्ये आलं, गोव्यात 1560 मध्ये. गोव्यातलं कायमचं बंद झालं 1812 मध्ये. मी गोव्याचं नाव काढताच बाई थांबल्या. त्यांना ते माहीत होतं, पण त्यांच्या फेरफटक्याच्या पाठात ते नव्हतं. शाळेतही नव्हतं, म्हणाल्या. खासगी गाईडच्या पैशांतून खरं काय विकत मिळतं ते मला तिथे कळलं. लोकांना वाटतं आराम, किंवा गर्दीतून सुटका, किंवा छत्री उंचावून पळणाऱ्या टोळीमागे न धावण्याची चैन. तेही असतंच. पण मुख्य वस्तू म्हणजे मध्येच बोलण्याचा हक्क. चाळीस माणसांच्या गटात प्रश्न विचारणारा माणूस उरलेल्या एकोणचाळिसांचा वेळ खातो. इथे प्रश्न विचारला की पाठच बदलतो.

शियादो आणि कार्मो झपाट्याने उरकावं. काफे, पुस्तकांची जुनी दुकानं, उभ्या लिफ्टसाठी लागलेली न संपणारी रांग. छप्पर नसलेलं कार्मोचं चर्च सुंदर आहे, भूकंपाने पाडलेलं छत मुद्दाम पुन्हा न बांधलेलं. पण तिथे सगळे वर आकाशाकडे बघतात आणि समोरच्या पोलीस बराकीकडे कुणाचं लक्ष जात नाही. 25 एप्रिल 1974 ला तेव्हाचा पंतप्रधान मार्सेलो काएतानो याच बराकीत अडकला, आणि जवळपास अर्धं शतक चाललेली हुकूमशाही त्या संध्याकाळी संपली. पोर्तुगाल त्या दिवसापर्यंत गोव्याला आपलाच प्रांत मानत होतं, 1961 चा डिसेंबर जणू घडलाच नव्हता. त्याच वर्षीच्या 31 डिसेंबरला नव्या सरकारने भारताशी करार करून गोव्यावरची भारताची सत्ता मान्य केली. त्या क्रांतीतल्या लाल कार्नेशन फुलांची गोष्ट बाई सुरेख सांगतात. हे शेवटचं कलम मी जोडलं.

इथून उतरून पुन्हा बाइशा ओलांडायची आणि पूर्वेकडच्या चढाला लागायचं. चढाच्या सुरुवातीला 'से' आहे, मुख्य कॅथेड्रल. 1147 मध्ये मूर राज्यकर्त्यांकडून शहर घेतल्यावर मशिदीच्या जागी बांधलेलं, किल्ल्यासारखं दणकट. जुन्या गोव्याच्या 'से'ची ही थोरली बहीण, पण गोव्यातली धाकटी कितीतरी भव्य आहे. याच्या अगदी समोर आल्जुब नावाची कोरडी, उंच इमारत. हुकूमशाहीच्या काळात राजकीय कैद्यांचा तुरुंग. 2015 पासून संग्रहालय. माणूस जेमतेम आडवा होईल अशा अंधाऱ्या कोठड्या आत पाहायला मिळतात. बाईंनी लिस्बनबाहेरच्या काशियास किल्ल्याचा उल्लेख केला, तोही राजबंद्यांचा तुरुंग. तेव्हा मी त्यांना मोहन रानडे हे नाव सांगितलं. सांगलीचा हा तरुण गोवा मुक्तीच्या सशस्त्र लढ्यात 1955 मध्ये पकडला गेला, सव्वीस वर्षांची शिक्षा झाली, आणि काशियासला आणला गेला. गोवा 1961 मध्ये मुक्त झाला. रानडे सुटले 1969 मध्ये. ज्या भूमीसाठी तुरुंगात गेले ती मोकळी झाल्यावरही ते सात वर्षं या परक्या किनाऱ्यावर कोठडीत होते. बाईंनी वहीत नाव लिहून घेतलं. पोर्तुगीज कैद्यांची पुष्कळ नावं त्यांना पाठ होती, मराठी कैद्याचं पहिलंच.

खाली नदीच्या बाजूला उतरलं की काझा दोस बिकोस दिसतं. दर्शनी भिंतीवर हिऱ्याच्या पैलूंसारखे टोकदार दगड ओळीने बसवलेले. 1523 मध्ये हे बांधलं ब्रास द अल्बुकर्कने, गोवा जिंकणाऱ्या अफोन्सो द अल्बुकर्कच्या मुलाने. 1755 मध्ये वरचे दोन मजले कोसळले, ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुन्हा चढवले. आज तिथे जुझे सारामागो प्रतिष्ठान आहे, आणि दारासमोरच्या ऑलिव्हच्या झाडाखाली सारामागोच्या अस्थी पुरल्या आहेत. साम्राज्य उभं करणाऱ्याच्या मुलाचं घर आणि साम्राज्याच्या थाटाची आयुष्यभर टर उडवणाऱ्या कम्युनिस्ट लेखकाची रक्षा एका उंबऱ्याशी. यावर भाष्य करायचा मोह कुठल्याही गाईडला होईल. बाईंनी नुसतं आधी भिंतीकडे, मग झाडाकडे बोट दाखवलं.

याच रस्त्याने थोडं पुढे शाफारीज देल रे, म्हणजे राजाचं कारंजं. बहुतेक लोक इथे थांबत नाहीत. रहदारीचा रस्ता आहे, बघण्यासारखं म्हणावं तर कमानी आणि दगड. मला विचाराल तर सबंध लिस्बनमधली ही सर्वांत बोलकी जागा. 16 व्या शतकात शहराला गोड्या पाण्याची टंचाई होती, या कारंज्यावर हाणामाऱ्या व्हायच्या. म्हणून नगरपालिकेने नियम केला: कुठल्या तोटीवर कुणी पाणी भरायचं. एक तोटी काळ्या, मिश्रवर्णी आणि हिंदी पुरुषांना, गुलाम असोत की सुटलेले; एक जहाजांवरच्या मूर गुलामांना; मधल्या गोऱ्या पुरुषांना; एक काळ्या आणि हिंदी बायकांना; आणि एक गोऱ्या बायका-मुलींना. त्या यादीत 'हिंदी' आहेत, म्हणजे आपल्या किनाऱ्यावरून नेलेली माणसं तेव्हा इथे घागरी घेऊन उभी असणार. पाणवठ्यावर माणसं वेगळी करायची अक्कल शिकायला आपल्याला पोर्तुगीजांची गरज नव्हती, आणि त्यांनाही आपली नव्हती. मी बाईंना महाडचं चवदार तळं सांगितलं, 1927 चा मार्च, बाबासाहेबांनी ओंजळीने घेतलेलं पाणी. त्या वेळी आम्ही दोघंही त्या तोट्यांकडे बघत होतो. मग त्या म्हणाल्या, इंग्रज पाहुण्यांना मी या काठावर चहा सांगते.

चहा म्हणजे कातारिना. ब्रागांसा घराण्याची ही राजकन्या 1662 मध्ये लिस्बनहून इंग्लंडला सासरी गेली, आणि तिच्यामुळे तिकडच्या दरबारात चहा रुळला असं इंग्रजांना ऐकायला आवडतं. आदल्या वर्षीच्या विवाहकरारात मुंबई आंदण होती. या सबंध काठाचं असंच आहे. ऐकणारा बदलला की नदीतून वेगळं गलबत वर येतं. माझ्यासाठी ते 1579 च्या एप्रिलमध्ये सुटलेलं गलबत. त्यावर थॉमस स्टीफन्स नावाचा तरुण इंग्रज जेझुइट होता. तो ऑक्टोबरमध्ये गोव्याला पोहोचला, तिथेच राहिला, तिथेच वारला, आणि मधल्या काळात त्याने मराठीत ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' लिहिलं, जे 1616 मध्ये छापलं गेलं. ज्या बंदरातून धर्मसत्ता आणि तोफा निघाल्या त्याच बंदरातून ओवीच्या प्रेमात पडणारा माणूसही निघाला होता.

मग आख्यान. आल्फामात शिरताना बाईंची चालच बदलते. बाइशात त्या भराभर, सरळ, छोट्या वाक्यांत बोलल्या होत्या. इथे दर वळणावर थांबतात, गोष्ट अर्धी सोडतात, पायऱ्या चढून पुढच्या कठड्यावर उरलेली सांगतात. गल्ल्याच तशा आहेत, सरळ वाक्य मावत नाही. 1755 मध्ये ही टेकडीही हलली, पडझड झाली, पण खालच्या गाळापेक्षा इथली जमीन घट्ट, त्यामुळे मूर काळापासूनची गल्ल्यांची गुंतवळ बरीचशी टिकली. वाळत घातलेले कपडे, खिडकीतून खाली सोडलेली दोरी, जूनमध्ये संत आंतोनियोच्या सणाला दारोदारी भाजल्या जाणाऱ्या सार्डिन माशांचा वास. फादो या इथल्या गायनप्रकाराबद्दल बाई कमी बोलल्या, तो रात्री ऐका म्हणाल्या. फार शहाणा निर्णय. मात्र दारांवरच्या आकड्यांच्या छोट्या कुलूपपेट्या त्यांनी मुद्दाम दाखवल्या. ज्या दारावर ती पेटी त्या घरात पर्यटक. आल्फामात जन्मलेली माणसं भाडं परवडत नाही म्हणून उपनगरांत गेली, आणि ही गोष्ट आम्हाला सांगणाऱ्या बाईही रोज नदीपलीकडून बोटीने कामावर येतात. आमच्यासारख्यांमुळेच हे घडलं, हे त्या म्हणाल्या नाहीत. म्हणायची गरज नव्हती.

चढण संपते ती सांता लुझियाच्या सज्जावर. खाली लाल कौलं, पलीकडे समुद्रासारखी रुंद नदी. सगळे तिकडे धावतात. बाईंनी आम्हाला उलट्या बाजूला, चर्चच्या बाहेरच्या भिंतीपाशी नेलं. तिथे निळ्यापांढऱ्या टाइलांचं चित्र आहे, भूकंपापूर्वीच्या तेरेइरो दो पासोचं. नदीकाठचा राजवाडा, त्याचा घुमटदार मनोरा, काठाला लागलेली गलबतं. सकाळभर मनात बांधलेली इमारत समोर आली, आणि माझी कितीतरी चुकीची निघाली. मी मनोरा कल्पिलाच नव्हता. टाइला जुन्या नाहीत, 20 व्या शतकातल्या आहेत, कारागिरीही बेताचीच. तरी त्या क्षणाची ताकद चित्रात नव्हती, त्याच्या जागेत होती. हे चित्र सकाळी दाखवता येत होतं, ते इथवर राखून ठेवलं, यात मला त्या बाईंची सगळी कारागिरी दिसते.

दोषही सांगायला हवेत. या फेरफटक्यात समुद्रमोहिमांचा अभिमान अजून सहज बोलला जातो, त्या मोहिमांनी काय वाहून आणलं ते विचारल्यावरच बाहेर येतं. गुलामांच्या व्यापाराला दोन वाक्यं मिळाली आणि अंड्याच्या गोड टार्टला दहा मिनिटं. मुंबई 1661 आणि गोवा 1510 या तारखा त्यांच्याकडे आहेत. 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली, ही नाही. हरलेली लढाई कुठल्याच देशाच्या फेरफटक्यात सहसा येत नाही. तरीही माझ्या मते बेलेमचा मनोरा आणि मठ पाहून बसने परतणाऱ्या गटफेरीपेक्षा ही अर्ध्या दिवसाची पायपीट शहराच्या कितीतरी जवळ नेते. ज्या गाईडला आपल्या पाठात नवं नाव लिहून घ्यावंसं वाटतं, तिची फी महाग म्हणता येत नाही.

तुम्ही जाणार असाल तर फेरफटका पहिल्याच सकाळी ठेवा, रबरी तळव्याचे बूट घाला, बेलेमसाठी वेगळा दिवस काढा. आणि गाईड ठरवताना आधीच कळवा, की आम्ही महाराष्ट्रातून येतोय, गोव्याचे प्रश्न विचारू, आणि राजाचं कारंजं व आल्जुब यादीत घाला. न सांगितल्यास या दोन्ही जागा बहुधा गळतात.